धुतलेले टाके

पोंभुर्ण्याच्या वाटेवरील त्या लहानशा गावात हेमराज पोहोचला तेव्हा नऊ वाजले होते. अकराला तपासणीचे पथक यायचे होते. चंद्रपूरच्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकविणाऱ्या या गृहस्थाने सतरा महिने एका सिमेंटच्या टाक्यात जीव ओतला होता. बंद पडलेल्या खाणीतून झिरपणारे पाणी नाल्याला मिळण्यापूर्वी त्या टाक्यातून जाई. तळाशी शेण आणि तणस, म्हणजे धानाचा पेंढा, कुजवून जोपासलेला काळा गाळ होता, आणि त्या गाळातले जिवाणू पाण्यातले शिसे, कॅडमियम तिथेच जखडून ठेवीत. आजचा नमुना निर्दोष निघाला, तर अशी आणखी बारा टाकी मंजूर व्हायची. नाही तर ते पाणी नाल्यावाटे पूर्ववत धानाच्या बांध्यांत, भातखाचरांत, जायचे.

टाक्याची राखण गिरजाबाई करीत. त्यांचे यजमान कोलूभाऊ याच नाल्याकाठी जन्म काढून मूत्रपिंडाच्या विकाराने गेले. डॉक्टरांनी पाण्याला दोष दिला नव्हता. गिरजाबाईंनी दिला होता.

"या सर! आज टाक्यात तोंड पाहून घ्या. आरशावानी करून ठेवलं!"

हेमराजने वाकून पाहिले. तळाचे सिमेंट दिसत होते. कुजक्या अंड्यांची ती दुर्गंधी, जी तो इतके दिवस समाधानाने हुंगत आला होता, तिचा मागमूस नव्हता. वास येत होता ब्लिचिंग पावडरीचा.

"गाळ कुठी गेला, बाई?"

"तिकडं खड्ड्यात फेकला. त्याच्यावरही पावडर मारली. साहेब लोक येऊन राह्यले, अन् आपल्या दारी असा वास? पावने यायच्या आधी आंगन सारवत नाई का आपन?"

"कंबर मोडली, सर," शेजारची सत्यशीला हसली. "बक्षीस म्हनून चहा तरी पाजा!"

हेमराज काठावर बसला. ग्रामसभेत त्याने 'जंतू' हा शब्द मुद्दाम टाळला होता. जंतू म्हणजे हगवण, एवढीच गावाची ओळख. लोक टाके फोडतील, या भयाने त्याने त्या गाळाला 'औषध' म्हटले. औषधाचे भांडे स्वच्छ असावे, याहून सरळ तर्क कोणता? वादात कोणाला न सोडणाऱ्या हेमराजला त्या तर्कात खोट सापडेना.

"बाई, औषध नव्हतं ते. त्या गाळात जिवंत जंतू होते, चांगले. तेच विष धरून ठेवत होते."

गिरजाबाईंचे हसू हळूहळू मावळले. "मंग... मेले?"

"हो. नवे वाढवायला चार महिने लागतील."

"मले सांगाले काय झालं होतं, सर? रोज शेन-तनस टाकत होती मी. जेवू घालनारीले, जेवते कोन, थे तरी सांगाव!"



पथक आले. टाके आज निर्जीव आहे, दोष माझा आहे, असे हेमराजने स्वतःच सांगितले. अधिकारी सौजन्याने म्हणाले, "खेद वाटतो. पण नमुना आजच्याच तारखेचा लागतो." त्यांनी बाटली भरली, चिठ्ठी डकवली आणि ते गेले.

टाक्यातून बाहेर पडणारे पाणी नितळ दिसत होते, झऱ्याच्या पाण्याहूनही नितळ. खालच्या बांधीत धान गर्भावर आले होते आणि पाणी नाल्यातून तिकडेच निघाले होते. गिरजाबाई पदर खोचून उतरल्या आणि बांधीच्या तोंडाशी ओंजळींनी चिखल लोटू लागल्या. हेमराजही उतरला. दोघे चिखल लोटीत होते, आणि पाणी बाजूने वाट काढून धानाकडे जात होते.