कुंकवाचा अंगठा

"मजुरीतील प्रत्येक कपात कामगारांच्या लेखी संमतीनेच झाली आहे," असे कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या खुलाशात म्हटले होते. खाली एकतीस बायांचे अंगठे होते, सगळे लाल. जिनिंगमध्ये शाईचा दुष्काळ कधी पडला, याचा खुलासा मात्र खुलाशात नव्हता.

त्या एकतीस जणींपैकी एक, वर्षाली, अकोल्याच्या कामगार कार्यालयात साक्षीला बसली होती. शेजारी मालक जानराव बसले होते, आणि तिची आई तानुबाई त्या घटकेला अकोटला त्यांच्याच जिनिंगमध्ये कापूस निवडत होती. वर्षाली बोलली, तर संध्याकाळपर्यंत आई फाटकाबाहेर.

"हा अंगठा तुमचाच?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"माहाच हाय, साहेब."

"पाहा! पोरगी इमानदार हाय," जानराव हसले.

 आता वर्षाली गप्प राहिली, तर एकतीस जणींची मजुरी बुडाली. तिने जानरावांकडे पाहिलेच नाही. 

"पण मले सही येते, साहेब. हजेरीवर रोज करतो. अंगठा फकस्त सीझनच्या पहिल्या दिवशी, मशीनच्या पूजेले कागदावर लावतो आमी. कुंकवाचा."

अधिकाऱ्यांनी कागदावर बोट घासले. बोट लाल झाले.

"म्हणजे पूजेच्या नावाखाली संमती घेतलीत?"

जानराव ताडकन उठले. "देवाच्या कामात आमी बेइमानी करत नाई, साहेब! पूजेच्या दिवशी कागद कोरेच होते. कपातीचा मजकूर तं आमी दिवाळीनंतर लिवला."