धवल्याखालचा आवाज

हितेश पाटलाने नवे स्पीकर घेतले तेव्हा घरात कुणाला फारसं कौतुक वाटलं नाही. त्याची बायको सोनल म्हणाली, आधी बेडरूमच्या खिडकीची गळती बघा. वडील वामन म्हणाले, "हलदीला गल्लीगल्लीत डीजे वाजतो, तो पुरत नाय का तुला?" पण हितेशला कॉलेजपासून ही हौस होती. महापेच्या डेटा सेंटरमध्ये दिवसभर मशीनच्या पंख्यांची घरघर ऐकायची, आणि घरी यायचं तर जुन्या स्पीकरमधला तबला म्हणजे डब्यावर बोटं आपटल्यासारखा. एकदा तरी गाणं नीट ऐकावं, एवढंच त्याला वाटत होतं.

रविवारी दुपारी वाशीच्या दुकानातून इंद्रजित सगळं लावायला बोनकोड्याच्या घरी आला. टीव्हीच्या दोन बाजूंना कमरेएवढे दोन स्पीकर, मधे अ‍ॅम्प्लिफायर, आणि सोफ्याजवळच्या कोपऱ्यात सबवूफर. काळा, चौकोनी, धान्याच्या पेटीसारखा.

"खर्ज सगळा याच्यातून येणार," इंद्रजित वायर जोडत म्हणाला. "हा कानाला कमी, पायाला जास्त कळतो. आता तुमच्या ओळखीचं काहीतरी लावा, साहेब. शंभर वेळा ऐकलेलं. फरक त्यातच कळतो."

हितेशला आईचा आवाज आठवला. पुतळाबाई धवलारीण होती. आगरी लग्नात हळदीच्या वेळी बाया बसून धवले गातात, गावदेवीला, खाडीला, घरातल्या गेलेल्या माणसांना लग्नाचं बोलावणं करतात. बोनकोड्यापासून घणसोलीपर्यंत ते म्हणायला पुतळाबाईला नेत असत. करोनाच्या आदल्या वर्षी ती गेली. एका हळदीत कुणीतरी तिचे धवले टेप केले होते. ती कॅसेट हितेशने मागच्या वर्षी मोबाईलवर उतरवून घेतली होती. त्याने तीच लावली.

आधी कॅसेटची खरखर आली. मग पुतळाबाईने श्वास घेतला. तो श्वास इतका जवळून आला की स्वयंपाकघरातून सोनल पदराला हात पुसत बाहेर आली आणि दारातच थांबली. मग आवाज लागला. तो स्पीकरमधून येत नव्हता. दोन स्पीकरांच्या मधोमध, बसलेल्या बाईचं तोंड जिथे असेल तिथून येत होता.

आतल्या खोलीत पडलेले वामन भिंत धरत उठून आले. त्यांना कमी ऐकू यायचं. कानाचं मशीन लावायचा कंटाळा. पण ते सरळ हॉलच्या मधोमध आले. "पुतला गाते," ते म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

हितेशचे डोळे भरून आले होते. तेवढ्यात त्याला ते दुसरं ऐकू आलं. आईच्या आवाजाखाली, खूप खाली, काहीतरी घुमत होतं.

"इंद्रजित, हे काय? असं घुमतंय ते वायरिंगचा हम आहे का?"

इंद्रजितने कान दिला. "लाइटीचा हम एकसारखा राहतो. हा सुराबरोबर वर-खाली होतोय." त्याने सबवूफर बंद केला. घुमणं गेलं, नुसती पुतळाबाई राहिली. चालू केला, परत आलं. "रेकॉर्डिंगमध्येच आहे. कुणीतरी पुरुषमाणूस मागे बसून गुणगुणतोय. छोट्या स्पीकरला खर्ज झेपत नाही ना, म्हणून तुम्हाला आजवर ऐकू आलं नसेल."

कुणीतरी तोंड मिटून तिच्यामागे गात होतं. प्रत्येक ओळीला अगदी जरासं मागे राहून, चाल नुकती शिकणाऱ्यासारखं.

वामन हळूच खाली फरशीवर बसले आणि त्यांनी सबवूफरवर तळहात ठेवला. "आपला दिपेश हाय तो," ते म्हणाले.

दिपेश हितेशचा थोरला भाऊ. हितेश शाळेत असताना एका सकाळी तो जाळं घेऊन खाडीत गेला. होडी मिळाली ती तिवरांच्या झाडीत अडकलेली. दिपेश मिळाला नाही. पुतळाबाईने शेवटपर्यंत त्याचे दिवस घालू दिले नाहीत. घरात त्याच्या फोटोला हार नव्हता, कारण फोटोच लावू दिला नव्हता.

इंद्रजित गेल्यावर हितेश म्हणाला, "बरोबर आहे, बाबा. दादाच असणार. आई गायची तिथे तो असायचाच. टेपसुद्धा त्यानेच केली असेल."

वामनांनी मान हलवली. "ही तुज्या उन्नतीताईची हलद हाय. ऐक ना, नाव घेते ती. उन्नतीचं लगीन झालं तवा दिपेश जाऊन दोन वर्सं झालेली."

हितेशने धवला परत लावला. पुतळाबाई नवरीचं नाव घेत होती. उन्नती. आणि तिच्या खाली, जरासं मागे, तो आवाज.

"दुसरं कुणी असेल," हितेश म्हणाला.

"बायांच्या घोलक्यान बसून कुठला गडी धवला गातो रं?" वामन म्हणाले. मग त्यांनी तळहात पुन्हा पेटीवर ठेवला. शेवटी म्हणाले, "ती सांगायची मना. दिपेश घरान हाय. मी गाते तवा माज्या खालून गातो. आमी तिला येडी ठरवली. डॉक्टरकडं नेली, गोल्या चालू केल्या. मंग तिनं सांगायचं सोडलं."

त्या दिवसापासून जेवण झालं की वामन सबवूफरशेजारी बसू लागले. हितेश कामावर असला की सोनलला म्हणायचे, "पुतलाला लाव." तिने लावलं की तळहात त्या काळ्या पेटीवर ठेवून ते बोलत राहायचे. आज भरती किती होती, खाडीकडच्या शेतावर कुणाची बिल्डिंग उभी राहिली, कुणाची नात अमेरिकेला गेली. सगळं आगरीत, अगदी हळू, कुणीतरी ऐकून हुंकार देतंय अशा थांब्यांनी. सोनल कराडकडची. तिला त्यातलं निम्मंच कळायचं. पण एक दिवस त्यांनी आपल्या ताटातला मासळीचा तुकडा काढून बशीत ठेवला आणि बशी पेटीवर सरकवली, ते तिला न सांगताही कळलं.

मग तो आवाज धवल्याबाहेर आला. सोनलने भाजी निवडताना मोबाईलवरची गाणी स्पीकरला जोडली, तर त्यांच्याखालीही तेच, जरा मागे राहणारं घुमणं. हितेशने क्रिकेट लावलं, तर समालोचकाच्या बोलण्याखाली. त्याने इंद्रजितला बोलावलं. इंद्रजितने सबवूफर तपासायला दुकानात नेला. तीन दिवसांनी फोन आला, काही बिघाड नाही. पण त्या तीन दिवसांत दुपारी अ‍ॅम्प्लिफायर बंद असताना सोनलने टेबलावर पाण्याचा पेला ठेवला आणि पाण्यावर बारीक वलयं उठताना पाहिली. तिने चप्पल काढून फरशीवर पाय टेकला. फरशी घुमत होती. खालच्या मजल्यावरच्या भाडेकरू मालतीबाई जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमच्याकडे दुपारचं कोण गातं हो? बरं वाटतं ऐकायला."

त्या संध्याकाळी सोनल हितेशला म्हणाली, "अहो, मला त्या आवाजाची भीती नाही वाटत. मला बाबांची भीती वाटते. ते आता आपल्याशी बोलतच नाहीत. सगळं त्याच्याशीच. जेवतायत किती ते तरी बघा."

हितेशने पाहिलं. वामनांची मनगटं काठीसारखी झाली होती.

"बाबा, मी हे सगळं परत देतो," तो म्हणाला.

"दे पेटी परत," वामन शांतपणे म्हणाले. "त्याला पेटी लागत नाय. मना लागते, मी बहिरा हाय म्हनून."

हितेशने मग उन्नतीला फोन केला. उन्नती त्याच्या चुलत्याची मुलगी, आता कामोठ्याला राहायची. तिथे बालवाडी चालवायची आणि नात्यातल्या हळदींना धवलेही म्हणायची. पुतळाबाईनेच तिला शिकवले होते. फोनवर हितेशला नीट सांगता येईना. "ताई, तुझ्या हळदीची कॅसेट आहे. तू येऊन ऐक एकदा," एवढंच तो म्हणाला.

ती रविवारी दुपारी आली. सबवूफर पुन्हा कोपऱ्यात आला होता. तिने धवला ऐकला. पहिल्या ओळीला ती हसली, दुसऱ्या ओळीला तिचं हसू राहिलं, आणि मग तिने पदर तोंडाशी धरला.

"काकीनं त्या दिवशी बाजूला पाट मांडला होता," ती म्हणाली. "कोणाला बसू दिलं नाही त्यावर. माझी मावशी बसायला गेली तर तिला उठवलं. आम्हाला वाटलं, देवाचा असेल."

कॅसेट मधेच तुटल्यासारखी थांबली.

"टेप संपली का?" सोनलने विचारलं.

"नाही. काकीच इथं गायची थांबली," उन्नती म्हणाली. "बोलावणं करतो ना आपण, देवाला, खाडीला, गेलेल्यांना. मग शेवटी पाठवणीचा धवला म्हणायचा असतो. आलात, जेवलात, आता आपापल्या ठिकाणी जा. तो तिनं म्हटलाच नाही. घसा बसला म्हणाली. सगळ्या बाया चिडल्या होत्या. त्यानंतर कुठल्याच हळदीत तिनं तो म्हटला नाही. दुसरीला म्हणायला सांगायची, आणि तेवढ्या वेळ उठून बाहेर जायची."

अ‍ॅम्प्लिफायरचा लाल दिवा जळत होता. धवला थांबला होता, पण पायाखाली ते घुमणं अजून चालू होतं, पुढची ओळ शोधत असल्यासारखं.

"तुला येतो तो?" वामनांनी विचारलं.

"येतो. काकीनंच शिकवलाय. पण काका, विचार करा. तो म्हटला की जावं लागतं."

वामन पेटीवर हात टेकून बसले होते. त्यांनी हात काढून घेतला आणि फरशीवर ठेवला. "दिपेश," ते म्हणाले, लहान मुलाला उठवावं तशा आवाजात, "तुजी आय आता घरान नाय रं. ती गेली. तुला कोनी सांगितलंच नाय. तू कोनासाठी बसलास?"

घुमणं क्षणभर थांबलं. मग परत आलं, पण हळू.

"म्हन, उन्नती," वामन म्हणाले. "ते मशीन बंद कर, हितेश. तिचं तिला म्हनू दे."

हितेशने बटण दाबलं. उन्नतीने फरशीवर मांडी घातली आणि आपल्या बाजूला जागा सोडली. तिचा आवाज पुतळाबाईसारखा नव्हता, पातळ होता, वरच्या सुरात किंचित कापायचा. तिने गावदेवीला तिच्या देवळात पाठवलं. खाडीला ओहोटीबरोबर पाठवलं. शेतांच्या राखणदाराला बांधावर पाठवलं, जरी तो बांध आता रस्त्याखाली गेला होता. प्रत्येक ओळीखाली फरशी तिच्यामागे गात होती. सोनलने हितेशचा दंड घट्ट धरला होता. त्याला ते फार नंतर कळलं, दंडावर नखांच्या खुणा दिसल्या तेव्हा.

मग घरातल्या गेलेल्यांची नावं घ्यायची ओळ आली. उन्नतीने आजोबांचं नाव घेतलं, आजीचं घेतलं, पुतळाबाईचं घेतलं. पुढच्या नावाला ती अडली. तिने वामनांकडे पाहिलं.

वामनांनी स्वतःच ते नाव घेतलं. सूर नव्हता, नुसतं नाव. उन्नतीने ते उचललं आणि ओळ पुरी केली.

शेवटच्या ओळीला तो आवाज मागे राहिला नाही. तिच्याबरोबरच सुरू झाला आणि तिच्याबरोबरच संपला. टेबलावरच्या पेल्यातलं पाणी स्थिर झालं. खालून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐकू आली, रिक्षाचा हॉर्न ऐकू आला, आणि हितेशच्या लक्षात आलं की हे आवाज कित्येक दिवसांत इतके स्पष्ट ऐकू आले नव्हते.

वामन त्या रात्री पोटभर जेवले. पुढच्या आठवड्यात त्यांनी खाडीवर जाऊन दिपेशचे दिवस घातले. मग फोटो लावला. फोटोतला मुलगा हितेशपेक्षा खूपच लहान होता. थोरला भाऊ म्हणून त्याच्याकडे पाहताना हितेशला कसंतरी झालं.

आईचा धवला लावायची हिंमत त्याला बरेच दिवस झाली नाही. शेवटी वामनच म्हणाले, "लाव." अ‍ॅम्प्लिफायर चालू झाला, खरखर आली, श्वास आला. पुतळाबाई गाऊ लागली, तशीच, दोन स्पीकरांच्या मधे बसून. तिच्याखाली काही नव्हतं. हितेशने सबवूफरचा आवाज वाढवला, अजून वाढवला. नुसती कॅसेटची घरघर. तोच धवला, तीच कॅसेट. त्यातला तो आवाज मात्र निघून गेला होता.

वामनांनी पेटीवर तळहात ठेवून पाहिला आणि काढला.

"आता एकटीच गाते," ते म्हणाले.

पुढची ओळ आली. वामनांनी डोळे मिटले आणि तोंड न उघडता, चाल चुकवत, तिच्यामागे गुणगुणायला सुरुवात केली. आयुष्यात ते कधी गायले नव्हते. हितेशला वाटलं आवाज थोडा कमी करावा, म्हणजे त्यांचं त्यांना ऐकू येईल. त्याने हात पुढे केला, तर वामनांनी डोळे न उघडताच त्याला थांबवलं. "असू दे. तिलाच ऐकायचं हाय मना."