कोठडीच्या तोंडाशी

चैतन्यच्या स्मृतिदिनी, पुण्यानुमोदनाला, आमच्या विक्रोळीच्या विहारात दरवर्षी एक भाषण ठरलेलं असतं. वस्तीतला कुणीतरी तरुण उठून सांगतो, की जहाजावर नांगराच्या साखळीच्या कोठडीत एक माणूस पडला, बाकीचे नुसते बघत राहिले, आणि आपला चैतन्य मागचा पुढचा विचार न करता शिडीवरून खाली उतरला. दोघंही जिवंत वर आले नाहीत. शेवटच्या वाक्याला सगळे उभे राहतात. चैतन्यची आई, नंदाताई, पहिल्या रांगेत बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहते.

यंदा भाषणानंतर एक अनोळखी माणूस त्यांच्या घरी आला. मीही तिथेच होतो. चैतन्यला मी शाळेत विज्ञान शिकवलं होतं, आणि त्या घरात मला अजून सरच म्हणतात. पाहुण्याचं नाव मुकुल. चैतन्यच्या जहाजावर तो चीफ ऑफिसर होता. आता अंधेरीला, जहाजावर जाणाऱ्या मुलांना शिकवतो.

त्याने चहाला हात लावला नाही. म्हणाला, "ताई, चैतन्यची गोष्ट मला वर्गात शिकवायचीय. नावासकट. तुमची परवानगी हवी."

"शिकवा की. शूर होता माझा पोरगा."

"होताच," मुकुल म्हणाला. "पण मला सांगायचंय की त्याने उतरायला नको होतं."

चैतन्यची धाकटी बहीण शीतल ओट्यापाशी कप विसळत होती. ती वळली. "म्हणजे चूक त्याची? मेलेला माणूस उलटून बोलत नाही, बरंय ना?"

"पहिली चूक माझी," मुकुल म्हणाला. "कामाआधी काय काय धोका आहे ते बघून कागद करायचा असतो. रिस्क असेसमेंट म्हणतो आम्ही. मी मागच्या कामाचाच कागद घेतला, तारीख बदलली, सही ठोकली. आतली हवा कुणी मोजलीच नाही. बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, खाली गेला आणि पडला. कागदावर लिहिलं होतं, हवेचं सिलिंडर आणि मास्क उपलब्ध. होतंच उपलब्ध. जहाजाच्या दुसऱ्या टोकाला."

"मग तुमचं नाव लिहा फळ्यावर."

"तेच पहिलं लिहितो."

शीतल पुन्हा कपांकडे वळली. नंदाताईने मात्र माझ्याकडे बघितलं. "सर, कोठडीचं झाकण उघडलं की हवा आत जाणारच ना? मोजायचं काय त्यात?"

काही गोष्टी तोंडाने सांगून पटत नाहीत. मी दुसऱ्या दिवशी एक परीक्षानळी घेऊन गेलो. ती आतून ओली करून तिला लोखंडाचा कीस चिकटवला, पाण्याच्या वाटीत उलटी उभी केली आणि त्यांच्या खिडकीत ठेवली. चैतन्यच्या वर्गालाही मी हा प्रयोग दाखवला होता. मुलांना तो कंटाळवाणा वाटतो. धूर नाही, आवाज नाही, नुसतं थांबायचं. पण चैतन्य रोज मधल्या सुट्टीत येऊन नळी बघून जायचा.

कीस हळूहळू तांबूस झाला, आणि वाटीतलं पाणी नळीत वर चढलं. नंदाताईने मला बोलावून घेतलं.

"पाणी आपोआप कसं चढलं, सर?"

"लोखंड गंजताना हवेतला प्राणवायू खातं. जेवढा खाल्ला, तेवढी जागा पाण्याने घेतली."

ती बराच वेळ नळीकडे बघत होती. "साखळी लोखंडाचीच."

"हो. समुद्राच्या पाण्याने ओली, आणि कोठडी कित्येक दिवस बंद. झाकण उघडलं तरी तळाची हवा लगेच बदलत नाही."

"वास येतो?"

"नाही. दिसतही नाही. माणूस खाली उतरतो, श्वास घेतो, आणि त्याचे पाय जातात."

"त्याला कळलं असेल?"

"नाही, ताई. कळण्याआधी शुद्ध जाते." हे मी तिला धीर द्यायला म्हटलं नव्हतं. ते तसंच असतं.

"शेजारी गॅस पेटला होता, तेव्हा गोधडी भिजवून हाच पळाला होता," ती म्हणाली. "अख्ख्या चाळीत मी सांगत फिरले. आमच्यात हाक आली की धावायचं, सर. धावला नाही त्याला आम्ही माणूस म्हणत नाही." मग तिने वाटी खिडकीत नीट आत सरकवली. "मला तो वर्ग बघायचाय. मग सांगते त्यांना."

अंधेरीला नंदाताई, शीतल आणि मी, आम्ही तिघं गेलो.

संस्थेच्या अंगणात एक उंच लोखंडी टाकी होती, वर चढायला जिना आणि माथ्यावर माणूस जाईल एवढं तोंड. आत तळाशी निळ्या डगल्यातला एक पुतळा पालथा पडला होता. माथ्याच्या कठड्याला एक फळा टांगलेला, त्यावर पडलेल्या माणसांचा आकडा: एक. वर मुलं जमली होती, आम्हीही चढलो. मुकुल म्हणाला, "तुमचा मित्र पडलाय. करा काय ते." मिहिर नावाचा एक मुलगा चटकन शिडीवरून उतरला. मुकुलने फळ्यावरचा एक पुसून तिथे दोन लिहिला.

मुलं हसली. मिहिर खालून ओरडला, "सर, पुतळा आहे म्हणून उतरलो. खरं असतं तर थांबलो असतो."

"खरं असतं तर आणखी लवकर उतरला असतास."

नंदाताई पुढे झाली. "परत करा. मी उभी राहते तिथे."

मिहिर वर आल्यावर घंटा वाजली. दोन मुलं सिलिंडर आणायला इमारतीच्या मागे पळाली. मुकुलने ते मुद्दाम लांब ठेवलं होतं, जहाजावर होतं तसंच. मिहिर तोंडाशी आला, तसं नंदाताईने त्याचं मनगट धरलं.

आम्ही थांबलो. सिलिंडर येईना. खाली तो पुतळा तसाच पडलेला. मिहिरचा पाय नकळत शिडीच्या पहिल्या पायरीवर गेला.

"मावशी, तो पडलाय."

"दिसतंय मला. उतरू नको."

"अरे, आणा ना कुणीतरी लवकर," शीतल म्हणाली. मग मुकुलकडे वळली, तिचा आवाज फाटला होता. "ते इथेच का नाही ठेवलं? आधीच, कोठडीच्या तोंडाशी?"

"हे मी काम सुरू व्हायच्या आधी विचारायला हवं होतं," मुकुल म्हणाला. "कागद त्यासाठीच असतो. सिलिंडर इथे नाही, हवा मोजलेली नाही, तर झाकण उघडायचंच नाही."

शेवटी मुलं धापा टाकत आली. एकाने मास्क चढवला, खाली गेला, पुतळ्याला दोर बांधला. सगळ्यांनी मिळून तो वर ओढला.

"आला वर, मावशी," मिहिर हळूच म्हणाला.

"बाकीचे बघत राहिले म्हणून मी त्यांना शिव्या दिल्यात," नंदाताई म्हणाली. कुणाला म्हणाली कळलं नाही. मग तिने मुकुलकडे मान वळवली. "नाव सांगा त्याचं. आधी सांगा तो धावला. मग सांगा, धावायला नको होतं. विहारात शीतल सांगेल."

शीतलने मान डोलावली.

मुलं सिलिंडर उचलून जिन्याने खाली जाऊ लागली. नंदाताईची पकड तशीच होती. मिहिरने मनगट सोडवून घेतलं नाही. तो तिच्याजवळ उभा राहिला.