दोन पायडलांची गाडी

रामभाऊंच्या गाडीला क्लच नव्हता आणि रामभाऊंना डावा पाय नव्हता, त्यामुळे दोघांचं फार छान जमलं होतं.

पाय गेला तो टेंपोत. खोपोलीचा माल घेऊन घाट चढताना टेंपो उलटला आणि गुडघ्याखालचा पाय कापावा लागला. नकली पाय बसला, हातात काठी आली, पण क्लच दाबणं संपलं. पुढची काही वर्षं हा माणूस घराच्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला नावं ठेवत होता. बायको उज्वला तर म्हणायची, अपघातात पाय गेला आणि जीभ तेवढी वाढली. मग कुणीतरी सांगितलं की खंडाळ्याच्या एका बंगल्यात जुनी ऑटोमॅटिक गाडी धूळ खात पडली आहे. ब्रेक आणि ॲक्सिलेटर, दोनच पायडल, दोन्हींना उजवा पाय पुरतो. गाडी दारात आली त्या दिवशी रामभाऊ तिच्या बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "हिला बी डावा पाय नाय नि मला बी नाय. आता बघू कोन आडवतंय ते."

कुणीच अडवलं नाही. रामभाऊ पुन्हा माणसांत आले. वाडीतल्या बाळंतिणी त्यांनी दवाखान्यात नेल्या, नवरदेव मिरवले, आणि कुणाचा पाहुणा कर्जतला रेल्वेतून उतरला की त्याला आणायलाही तेच जायचे. पण गाडीचा खरा मान वीस मार्चचा. त्या दिवशी ते आईला, ठकूबाईला, महाडला चवदार तळ्यावर न्यायचे. एसटीत म्हातारीला उलट्या होत, लेकाच्या गाडीत मात्र ती पुढच्या सीटवर पाटलिणीसारखी बसून जायची.

महाडला जायचं तर सगळं धुतलेलं हवं, हा त्या घरातला शिरस्ता. ठकूबाईचा नवरा होता तेव्हापासूनचा. आदल्या दिवशी पांढरी लुगडी-सदरे धुवायचे, घर सारवायचं, टेंपो हाताशी होता तेव्हा त्याचं इंजिन ऑइल काढून, आतून धुऊन, नवं भरायचं. गाडी आली तेव्हा तिलाही तोच नियम लागू झाला. फक्त तिच्या गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं नव्हतं. रामभाऊंच्या हिशोबी, जिला क्लच नाही तिला गिअरचं वेगळं तेल कशाला?

या वर्षी लेक दीक्षा पुण्याहून आली ती बाबांसाठी डबे घेऊन. नोकरी लागल्यावरची तिची पहिली मोठी भेट. "बाबा, हे सिंथेटिक तेल आहे. तुमच्या गाडीच्या गिअरबॉक्ससाठी. मी सगळं वाचलंय, व्हिडिओ बघितलेत. गाडी अजून दहा वर्षं चालेल."

रामभाऊंनी डबा हातात घेतला, फिरवला, उन्हाला धरला. लेकीनं आईला साडी आणली असती, आपल्याला शर्ट आणला असता, तर त्यांना एवढं वाटलं नसतं. तिनं गाडीचा विचार केला म्हणजे तिनं आपला विचार केला, हे त्यांना आतून कळलं आणि डोळे भरून आले. ते लपवायला त्यांनी उज्वलेवर चहावरून उगीचच ओरडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी चौक गावात दत्ताच्या गॅरेजात गाडी लागली. दत्तानं गिअरबॉक्सचं तेल काढून बोटावर घेतलं. काळंकुट्ट, जळकट वास.

"मामा, नको ढवळू हिला," तो म्हणाला. "जुनी गाडी हाय. गिअर धरनाऱ्या आतल्या प्लेटी झिजल्यात. हे घाण तेलच त्यांना धरून हाय, सगळं काढलं तर घसरतील. बदलायचंच असंल तर जरासं काढू, जरासं घालू. महिना-दोन महिन्यांनी परत बघू."

"म्हंजे लेकीनं आणलेलं तेल घाणीत कालवू?"

"कालवावंच लागतं, मामा."

"दत्त्या, महाडला जायचंय. आमच्यात अर्धं धुतलेलं चालत नाय. पार धू. थेंब राह्यला नाय पाहिजे."

दत्तानं दोनदा सांगून पाहिलं. पण रामभाऊ ऐन तारुण्यात असल्यासारखे खुर्चीवर बसून हुकूम सोडत होते आणि गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायला दत्ताला सवड नव्हती. त्यानं पातळ तेल घालून गिअरबॉक्स आतून धुतला, परत धुतला, आणि शेवटी दीक्षाचं लालभडक तेल भरलं. गाडी परत नेताना रामभाऊंना वाटलं, गिअर पडतोय ते कळतसुद्धा नाही. लोण्यातून सुरी. घरी येऊन ते दीक्षाला तीनदा म्हणाले, "काय तेल आणलंस गं!"

वीस तारखेला वस्तीची बस पहाटेच निघाली. उज्वला महिला मंडळाबरोबर तिच्यातून गेली. मंडळानं ठकूबाईलाही जागा धरली होती. तिनं हात झटकला. "माज्या लेकाची गाडी हाय. मी काय मेंढरावानी कोंबून जाऊ?"

मागाहून रामभाऊ, ठकूबाई आणि दीक्षा असे तिघं निघाले. खोपोलीपर्यंत गाडी बरी चालली. पेणच्या रस्त्याला लागल्यावर, इंजिन तापल्यावर, रामभाऊंना ते जाणवलं. पाय दाबला की इंजिन ओरडत होतं आणि गाडी मात्र आपल्याच विचारात होती. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. रेडिओ लावला. पण पुढे चढ आला, अगदी साधा चढ, सायकलवाले उतरत नाहीत असला, आणि तिथं गाडी थांबली. रामभाऊंनी पाय पार खाली दाबला. इंजिननं आकाश डोक्यावर घेतलं आणि गाडी हळूच मागे सरकायला लागली. त्यांनी ब्रेक मारला. घामानं सदरा पाठीला चिकटला.

"काय झालं रं?" ठकूबाई म्हणाली.

"काय नाय, आये. दम खाते जरा."

दम खाऊनही काही झालं नाही. मागून निळे झेंडे लावलेला एक टेंपो आला, पोरं उतरली. गाडी आधी रस्त्याच्या कडेला घ्यायला हवी होती. ढकलायला हात पुष्कळ होते, पण स्टिअरिंग धरायला कुणीतरी आत हवं, म्हणून रामभाऊ बसून राहिले. आरशात त्यांना पोरं दिसली, दीक्षा दिसली, आणि त्यांच्यात घुसून डिकीला दोन्ही हात लावलेली पांढऱ्या लुगड्यातली आई दिसली.

"आये, बाजूला हो! अगं बाजूला हो!"

"तू चाक धर!" म्हातारी मागून ओरडली.

त्यांनी चाक धरलं. ज्या आईला बसवून न्यायचं ती गाडी ढकलत होती आणि लेक आत बसला होता. असली लाज त्यांना पाय कापला तेव्हाही वाटली नव्हती.

गाडी कडेला लागल्यावर दत्ताला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मामा, प्लेटी गेल्या. आता जुनं तेल घातलं तरी धरणार नाय. हिचा गिअरबॉक्स मिळत नाय कुठं. मी टो करायला येतो, पण... नाय व्हायचं काय, मामा."

टेंपोतली पोरं आजीला न्यायला तयार होती. ठकूबाई जागची हलेना. "लेकाला सोडून मी नाय जानार." शेवटी रामभाऊ रागावले. दर वर्षी जातेस, या वर्षी माझ्यापायी खंड पडला तर मी मेलो असं समज, असं काहीतरी बोलले. म्हातारी मुकाट टेंपोत चढली. निघताना रामभाऊंनी खिडकीतून हात लांब करून आपली काठी तिला दिली. "गर्दी असंल. धर."

टेंपो चढ चढून दिसेनासा झाला. दीक्षा गाडीच्या पुढे, गटाराच्या पलीकडच्या दगडावर मोबाइल घेऊन बसली होती. गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल एकजण लिहीत होता बदलाच, दुसरा लिहीत होता जुन्या गाडीत चुकूनही बदलू नका. तिनं मोबाइल बंद केला आणि गुडघ्यात तोंड घातलं.

"दीक्षा," रामभाऊ आतून म्हणाले. "तेल चांगलंच होतं गं. मीच धुवायला लावलं. दत्ता नको नको म्हनत होता."

"बाबा, नका ना."

"काय नका?"

"मला बरं वाटावं म्हणून बोलताय. कळतं मला."

"अगं बाये, आईची आन. दत्त्याला इचार."

"तोही तेच सांगेल. तुम्ही फोनवर त्याला सांगून ठेवलं असेल." ती आता हुंदके देत होती. "तुमची गाडी घालवली मी. तुमचे पायच घालवले."

आयुष्यात रामभाऊ पुष्कळ खोटं बोलले होते. पोलिसांशी, टेंपोच्या मालकाशी, बिडीवरून उज्वलेशी. सगळं खपून गेलं होतं. आज ते खरं बोलत होते आणि पोटची पोर मान हलवत होती. ते पुन्हा बोलले, मोठ्यानं बोलले, शेवटी ओरडले. ती जास्तच रडायला लागली.

उतरून तिच्याजवळ जावं, डोक्यावर हात ठेवावा, म्हणून त्यांनी दार उघडलं, नकली पाय बाहेर टाकला. पायाखाली उतरती खडी होती आणि काठी आईबरोबर महाडला गेली होती. रामभाऊंनी पाय आत घेतला, दार तसंच उघडं ठेवलं आणि चाक धरून बसून राहिले.