वर गेलेला तुकडा

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी टेप आहे. ओढली की खडखडत बाहेर येते आणि सोडली की सर्रकन डबीत शिरते, ती. आता मला शिरायला डबी नाही. माझे तीन तुकडे करून ते एका प्लास्टिकच्या नळीवर आडवे आवळले आहेत, आणि ती नळी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे उभी करून ठेवली आहे. सगळ्यात लांब तुकड्यावरचे आकडे गंजातूनही वाचता येतात, पण वाचायला कोणी येत नाही.

कारखान्यातल्या जन्माबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तिथं माझ्यासारख्या हजारो होत्या आणि सगळ्यांचं माप एकच होतं. मला विकत घेतलं ते दातांच्या एका डॉक्टरांनी. दवाखाना नवा, खोली लहान आणि खुर्ची मोठी. त्यांनी मला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पुन्हा पुन्हा ताणलं, आणि खुर्ची मावते असं उत्तर आल्यावरच थांबले. तेव्हाच मी मनाशी नोंद केली, की या गृहस्थांना हवं ते माप मिळेपर्यंत मोजण्याची सवय आहे. माणूस वाईट नव्हता. दाढेला हात घालण्याआधी ते प्रत्येकाला ‘अजिबात दुखणार नाही’ असं सांगत, आणि सांगताना त्यांना स्वतःलाही ते खरं वाटत असे.

डॉक्टरांना रेडिओचा नाद होता. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकवायचं आणि संध्याकाळी आभाळात, असा त्यांचा दिनक्रम. आभाळातून जाणाऱ्या उपग्रहांचे आवाज पकडायला अँटेना लागतो, आणि तो टेपचा उत्तम होतो. कारण टेप दारातून नेताना मुडपते आणि बाहेर आली की पुन्हा ताठ होते. त्यांनी पत्रा कापायची कात्री आणली आणि माझे तुकडे पाडले. “चांगली वस्तू मोडून वाईट करायची हौसच आहे यांना,” असं त्यांच्या पत्नी म्हणाल्या, आणि मला ते पटलंही होतं. पण पहिल्यांदा माझ्यातून आभाळातली ती बारीक पिकपिक उतरली, आणि भिंती मोजण्यात गेलेलं सगळं आयुष्य मला फुकट वाटू लागलं.

मला धरायला डॉक्टरांची भाची यायची. थोरल्या बहिणीची मुलगी, तेव्हा शाळेत होती. तिचा हात मामापेक्षा स्थिर. ती ‘मामा’ म्हणे म्हणून हळूहळू सगळी गल्ली डॉक्टरांना मामा म्हणू लागली. मीही तेच म्हणते. मामांचा एक मित्रही येई. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि सगळे त्याला भिंगराव म्हणत. भिंगराव कानाला हेडफोन लावून बसत आणि ऐकलं तेवढंच लिहीत. त्यामुळे त्यांच्याशी गप्पा रंगत नसत, पण त्यांचं टिपण कधी खोडावं लागत नसे.

भाची मोठी झाली, इंजिनिअरिंगच्या कॉलेजात गेली. तिथं तिनं, तिच्या सोबत्यांनी आणि त्यांच्या सरांनी मिळून चहाच्या डब्याएवढा एक उपग्रह बांधला. त्यालाही घडी होणारा अँटेना हवा होता. एका संध्याकाळी ती आली, माझी डबी उघडली आणि उरलेल्या पट्टीतून हातभर तुकडा कापून घेतला.

“मामा, हिला मी वर पाठवणार.”

“दवाखान्यात असं बोलू नकोस,” मामा म्हणाले, “पेशंट उठून जातील.”

जेवताना तिनं सगळं समजावून सांगितलं. तुकडा डब्याभोवती गुंडाळून दोऱ्यानं बांधायचा. वर गेल्यावर एक तार तापेल, दोरा जळेल, तुकडा ताठ होईल आणि उपग्रह आपलं नाव बोलू लागेल. दोरा नाही जळला तर, असं मामींनी विचारलं. मग तो मिटल्या तोंडानं बोलत राहील, ती म्हणाली, आणि बाहेर न पडलेलं बोलणं उलटून त्याचाच बोलण्याचा भाग रोज थोडा थोडा जाळेल. त्यावरही उपाय होता. सरांनी एका मोठ्या संस्थेची अवाढव्य डिश सुरुवातीच्या दिवसांसाठी मागून ठेवली होती. ती इतक्या जोरात हाक मारते, की मिटलेल्या अँटेनालाही ऐकू जावी. ‘दोरा पुन्हा जाळ’ एवढंच सांगायचं. मात्र ते लवकर सांगायला हवं. आवाज आला नाही हे कळताच.

रॉकेट उडालं. त्यातून चाळीसएक लहान उपग्रह एकदम बाहेर पडले. मित्रांनो, असा घोळका बाहेर पडला, की पहिले काही दिवस कोण कोणता हे कोणालाच कळत नाही. आभाळाची नोंद ठेवणारे त्यांना नुसते क्रमांक देतात. मग जगभरचे हौशी लोक कान लावतात. भोंगा वाजवत येणाऱ्या गाडीचा आवाज आधी चढा असतो आणि पुढं गेली की उतरतो, तसंच उपग्रहाचं असतं. आवाज कोणत्या क्षणी उतरला यावरून कोणता उपग्रह गेला ते ओळखता येतं. पण सगळे एकाच घोळक्यात असताना तेही चालत नाही. तेव्हा खात्रीची गोष्ट एकच. त्यानं टिकटिकत सांगितलेलं नाव.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामांनी मला उचललं. दोरीवर चादरी वाळत होत्या, त्या बाजूला सारल्या. घोळका क्षितिजावर आला, आणि रेडिओवर लावायला भाचीनं सांगितलेल्या आकड्याशेजारीच माझ्यातून एक बारीक पिकपिक उतरली. मामांचे हात कापू लागले, म्हणून आवाजही कापला.

“नाव ऐकलंस का?” भिंगरावांनी विचारलं.

“घरचं माणूस आवाजावरून कळतं रे. त्याला नाव कशाला विचारायचं?”

मी आवाज आणला होता, मित्रांनो. नाव त्यांनी ठेवलं.

खाली येऊन मामा संगणकावर सगळ्या हौशी लोकांसाठी बातमी लिहायला बसले. ‘बहुधा तोच’ असं लिहा, असा भिंगरावांचा आग्रह होता, आणि मामांनी तसं लिहिलंही. तेवढ्यात भाचीचा फोन आला. एवढंच म्हणाली, “मामा, आपलाच ना?”

“आपलाच,” मामा म्हणाले, आणि दुसऱ्या हातानं ‘बहुधा’ पुसून टाकलं.

पुढं कौतुकाचा पूर आला. वर्तमानपत्रात मामांचा फोटो छापून आला, हातात मी. मामांनी तो काच लावून दवाखान्यात टांगला, म्हणजे थांबलेल्या पेशंटांना दुखण्याखेरीज दुसरं काही पाहायला मिळावं. भाचीच्या सरांनी डिशची वेळ उदारपणे परत केली. उपग्रह बोलतोय म्हटल्यावर हाक कोणाला मारायची?

घोळका पांगत गेला, आणि सोडल्याच्या क्रमावरून कोणता कधी येणार हे कळू लागलं. शुक्रवारी सकाळी दवाखाना उघडण्याआधी मामा आणि भिंगराव गच्चीवर आले. ती पिकपिक आली, पण भाचीचा डबा यायच्या बऱ्याच आधी. आणि या वेळी स्वच्छ, नावासकट. नाव कुठल्याशा दूरच्या शाळेचं होतं. भाचीचा डबा डोक्यावरून गेला तेव्हा मी जीव खाऊन ताठ राहिले. माझ्यातून नुसती खरखर उतरली. माझाच तुकडा तिथं दोऱ्यात बांधलेला होता आणि त्याचं काहीही मला ऐकू येत नव्हतं.

भिंगरावांनी हेडफोन काढला. “कळव तिला. आत्ता.”

“रविवारी कॉलेजात तिचा सत्कार आहे. आई-वडील येणार, मोठी माणसं येणार. तेवढा होऊ दे.”

“रोज जळतोय तो.”

“दोन दिवसांनी असं काय जळणार आहे?” मामा म्हणाले. अगदी त्याच आवाजात, ज्या आवाजात ते दाढ काढण्याआधी बोलत.

भिंगराव ऐकलं तेवढं लिहिणारे; पण त्या दिवशी त्यांनी काहीच लिहिलं नाही. मैत्रीला जागले. रविवारी सत्कार झाला. मामा पहिल्या रांगेत होते आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या. सोमवारी दवाखान्यात गर्दी होती, म्हणून सांगणं राहिलं. मंगळवारी त्या दूरच्या शाळेनं स्वतःच जाहीर केलं, की तो आवाज आमचा आहे.

भाची संध्याकाळी घरी आली. चप्पलसुद्धा काढली नाही. चुकलास कसा, हे तिनं विचारलंच नाही.

“तुला कधी कळलं?”

मामा खोटं बोलू शकले असते. बोलले नाहीत, एवढं त्यांच्या जमेला. “शुक्रवारी,” ते म्हणाले.

“शुक्रवारी डिश मोकळी होती, मामा. शनिवारी होती, रविवारी होती. कालपासून दुसऱ्यांना दिलीय.”

“तुझा आनंद मोडवेना गं.”

“तू चुकलास, ते कोणाकडूनही होतं. शुक्रवारचं मात्र मला कळत नाही.”

सरांनी हातापाया पडून पुढच्या आठवड्यात डिश मिळवली. डिशनं हाक मारली. दोऱ्यासारखा बारीक आवाज आला, अर्धं नाव. त्याच्या पुढच्या फेरीला काही नाही, त्यानंतरही काही नाही. म्हणजे तोवर तो जिवंत होता. हे कळलं नसतं तर बरं झालं असतं असं घरात सगळ्यांना वाटलं.

भिंगराव येईनासे झाले. मामांचा चष्मा बदलायला झाला तेव्हा मामांनी तो दुसऱ्या दुकानातून केला. दवाखान्यातला फोटो अजून भिंतीवर आहे. काढला तर पेशंट विचारतील.

मागे एकदा भाची आली होती. ते दुसरा उपग्रह बांधत आहेत. मामींनी तिला बळंच जेवायला बसवलं. मामांनी माझी जुनी डबी शोधून आणली आणि तिच्या ताटाशेजारी ठेवली. अजून पुरेल एवढी पट्टी आहे, म्हणाले.

“नको मामा. आणलीय आम्ही.”

“ऐकायला कोण आहे या वेळी?”

“आहेत बरेच जण,” ती म्हणाली आणि भाजी वाढून घेतली. रागाचा लवलेश नव्हता. राग असता तर मामांना धरायला काहीतरी मिळालं असतं.

मुका डबा अजून रोज डोक्यावरून जातो. मामांना त्याच्या वेळा पाठ आहेत. त्या वेळेला ते पाणी बघायला म्हणून वर येतात, टाकीचं झाकण उघडतात, लावतात, थोडा वेळ उभे राहतात आणि मला हात न लावता खाली जातात.

मित्रांनो, माझा गंज पुसा अशी विनंती मी करणार नाही. जुन्या टेपेला गंज चढायचाच. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात कोणी आनंदात असेल आणि त्याची वाईट बातमी फक्त तुम्हालाच ठाऊक असेल, तर त्याच्या आनंदाची काळजी तुम्ही करू नका. बातमी त्याची आहे. ती त्याला त्याच दिवशी द्या.