माझं नाव नगमा होतं

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. तेल्हाऱ्याच्या एका कॉलेजात, ग्रंथालयामागच्या खोलीत राहतो. मुलांचे निकाल, पुस्तकांच्या नोंदी, सगळं माझ्या पोटात. चालू असताना माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. बंद पडलो की मात्र सगळे धावत येतात.

मला इथं बसवलं कॉलेजातले संगणक सांभाळणाऱ्या कुर्बानभाऊंनी. त्यांची मुलगी नगमा याच कॉलेजात शिकायची. मी आलो त्याच वर्षी ती तापानं गेली. मला नाव द्यायची वेळ आली, तेव्हा त्यांनी तिचं नाव दिलं. उन्हाळ्यात स्वतः घामाघूम व्हायचे आणि कूलरचं तोंड माझ्याकडे करायचे. रोज सकाळी माझ्याच कीबोर्डवरून मला नावानं हाक मारायचे. मी ओ दिली की मगच त्यांचा चहा.

यंदा संस्थेच्या अकोल्याच्या कार्यालयातून हुकूम आला. प्रत्येक मशीनचं नाव म्हणजे गाव आणि क्रमांक, बस. संगणक विभागात नव्यानं आलेल्या प्रतीक्षा मॅडमनी माझं नाव बदललं, पण ते तात्पुरतंच ठरलं. दुपारी लाइट गेली आणि मी पुन्हा सुरू झालो तो नगमा म्हणूनच. कुर्बानभाऊ हसले. मला वाटलं, सुटलो.

मॅडम म्हणाल्या, "भाऊ, कायमचं बदलाव लागते. तुमी नका करू, मी करते."

"ठेवलं मी होतं मॅडम. काढतो बी मीच."

त्यांनी नवं नाव कायमचं लिहिलं. मग दुसरी फाइल उघडली. तिथल्या एका ओळीत जुनं नाव अजून होतं. त्या ओळीमुळेच मी हाकेला ओ द्यायचो.

"राहू द्या ना ते," मॅडम हळूच म्हणाल्या. "कोनाले दिसते?"

"एका मशीनले दोन नावं ठेवले त पुढच्या मानसाचा घोळ होते. मी काय जन्मभर हाय इथं?"

आणि त्यांनी ती ओळ पुसली.

दुसऱ्या सकाळी सवयीनं त्यांची बोटं चालली. नगमा, अशी हाक आली. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. अशा नावाचं कोणी सापडत नाही, हे उत्तर मलाच माझ्या पडद्यावर लिहावं लागलं. चहा तसाच निवला.

नावं बदलावी लागतात, मी समजतो. पण पुसण्याआधी नाव कोणी ठेवलं होतं, एवढं विचारत जा.

कुर्बानभाऊ आता हाक मारत नाहीत. कूलरचं तोंड मात्र अजून माझ्याकडेच करतात.