उलटी धरलेली पाटी

या, असे जवळ सरकून बसा. एका पेंटरची गोष्ट सांगतो. देव आहे तीत, पण खाली शिडी धरून उभा; रंगवायचं काम माणसांचंच.

हा पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. एका सकाळी डोक्यात घण बसावा तशी कळ आली आणि ब्रश हातातून गळला. मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटला होता. सर्जनबाईंनी कवटी उघडून त्या फुग्याच्या मानेला इवलीशी क्लिप लावली. रक्त थांबलं, माणूस वाचला. पण त्याच्या लेखी जगाची डावी बाजूच उरली नाही. ताटातलं उजवीकडचं तेवढं संपवायचा आणि बायकोवर डाफरायचा, "एवढंच वाढलंस?"

"सुधारेल," सर्जनबाई म्हणाल्या. "किती, ते आज सांगता येणार नाही."

मेहुण्याने मात्र सांगून टाकलं. "दाजी, दुकानाला कुलूप लावू. जीव वाचला, पुष्कळ झालं."

"तुला झालं असेल पुष्कळ!"

चार महिन्यांनी त्याने हट्टाने एका लॉन्ड्रीची पाटी घेतली. तासाभराने ब्रश धुतला. "झाली."

"अहो, डावीकडे कोरीच आहे. नाव अर्ध्यातूनच सुरू होतंय."

"उगाच काहीतरी बोलू नकोस."

बायकोने त्याचा उजवा हात धरला आणि डावीकडे पाटीवर थापला. पंजा स्वच्छ निघाला, रंगाचा ठिपकाही नाही.

मेहुण्याने हात पुढे केला. "द्या आता किल्ली."

पेंटरने पंजा उलटासुलटा करून पाहिला. मग बायकोला म्हणाला, "पाटी उलटी कर गं. वरचं खाली."

कोरी बाजू त्याच्या उजव्या हाताला आली. अक्षरं कुठवर आणायची, तिथे बायकोने खडूची रेघ मारली. जन्मभर दुकानांच्या काचांवर आतून उलटी अक्षरं काढलेला हात तो. डोकं खाली, पाय वर अशी एकेक अक्षरं उतरू लागली. दुपार कलली तेव्हा पाटी सुलटी झाली. पूर्ण.

"मधे जोड दिसतोय," मेहुणा म्हणाला.

"माझ्या डोक्यावरही दिसतो. फेकून देतोस का मला? सरक बाजूला, रंग ओला आहे. आणि किल्ली माझ्याच खिशात राहील."

हात जोडाल तेव्हा पेंटरसाठी काही मागू नका, त्याला राग येईल. पण त्याची बायको आजही मुद्दाम त्याच्या डावीकडेच उभी राहून हाका मारते, त्याची मान वळेपर्यंत. तिची तेवढी आठवण ठेवा.